शांताबाईंचा तर्जुमा

मागच्या महिन्यात बीडच्या एका दवाखान्यात मला शुगर निघाली. उभी नोकरी खिडकीमागे बसून दुसऱ्यांना शुगरच्या गोळ्या देण्यात गेली, आता खिडकीच्या अलीकडे उभं राहायची पाळी माझी. तिथल्या नर्सने मला बाकावर बसवलं, हातात एक कागद दिला आणि माझे पांढरे केस बघून तो मोठ्याने वाचूनही दाखवायला लागली. "नीट ऐका हं काका. काटा टोचला आन् दुखलं न्हाई, तर खुश व्हऊ नका. पाय मुका झालाय. मुक्या जनावराला रोज बगता, तसं पायाला रोज बगा." मी म्हणालो, "थांब, पुढचं मी सांगतो." आणि डोळे मिटून पुढची चार वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. पोरगी आ वासून बघत राहिली. "काका, तुम्हीच लिहिलंय का हे?" मी नाही म्हणालो. उलट हा कागद निघू नये म्हणून सुरुवातीला मीच आडवा आलो होतो, पण तेवढं काही तिला सांगितलं नाही.

तो कागद शांताबाई ओव्हाळ यांचा. खाली त्यांचं नाव नाही. सरकारी कागदावर सही करणाऱ्याचं नाव येतं, लिहिणाऱ्याचं येत नाही. शांताबाई जाऊन आता तीन वर्षं झाली, आणि त्यांच्याबद्दल कुणी काही लिहिलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून हा खटाटोप.

मी तेव्हा युसूफ वडगावच्या पुढच्या एका गावात सरकारी दवाखान्यात गोळ्यांच्या खिडकीवर होतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली मंडळी बीडला माझ्या घरी येऊन या लेखातल्या चुका काढत बसतील, आणि चहा करून करून माझी बायको मला घराबाहेर काढेल. त्या गावात दूध संस्था होती. पत्र्याची एक खोली, पुढे ओटा, ओट्यावर काटा, आणि काट्याशेजारी टेबलावर फॅट तपासायचं मशीन. त्या मशीनमागे शांताबाई. दहावी पास, पन्नाशीच्या आसपासच्या, सावळ्या, ठेंगण्या. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. कॅनचं झाकण उघडायच्या आधी त्या हात धुवायच्या, आणि दुष्काळात गावाला आठव्या दिवशी टँकर यायचा तेव्हासुद्धा धुवायच्या. घोटभर पाण्यात, पण धुवायच्याच.

त्या नव्याने तिथे लागल्या तेव्हा एका मोठ्या घरातून निरोप आला होता म्हणे, की आमची कॅन वेगळी तपासा, बाईंनी हात लावू नये. शांताबाई बौद्ध, हे सांगायला नकोच. त्यांनी निरोप्याला शांतपणे सांगितलं, "ठिवते की येगळी. पर गाडीवाला समद्या गावाचं दूध एकाच टाकीत वततो, त्याला काय सांगू? टाकीच येगळी आणा मंजी झालं." टाकी काही आली नाही. पुढे त्याच घरची म्हातारी रोज सकाळी स्वतः कॅन घेऊन यायला लागली आणि ओट्यावर बसून शांताबाईंशी तासभर बोलायला लागली.

दुधात पाणी सापडलं तरी शांताबाई कुणाला "पाणी घातलंय" असं कधी म्हणत नसत. "आज म्हशीनं लई पाणी पेलंय वाटतं," एवढंच. माणूस मान खाली घालून निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी म्हैस पाणी कमी प्यायची. खरं सांगायचं, पण समोरच्याला ते उचलून घरी नेता आलं पाहिजे, अशी त्यांची रीत होती. मला त्या वेळी ही नुसती गंमत वाटायची.

माझी त्यांची पहिली गाठ भांडणानेच पडली. सकाळी अकराच्या सुमारास खिडकीतून एक हात आत आला आणि त्याने एक घडी पडलेला कागद माझ्यापुढे आपटला. मधुमेहाचं सरकारी माहितीपत्रक.

"हे कुणासाठी लिवलंय?" बाई म्हणाल्या.

"रुग्णांसाठी."

"मग रुग्णाला कळंल असं कावून न्हाई लिवलं?"

मी म्हणालो, "मराठीतच आहे की." त्या दिवशी गर्दी होती आणि माझा स्वभाव मुळातच फार गोड नाही.

"मराठी हाय. चौथ्या नंबरचं वाचा."

मी वाचलं. 'रुग्णांनी स्वपावलांची दैनंदिन तपासणी करावी व पादत्राणांशिवाय संचार टाळावा.' वाचून झाल्यावर शांताबाई म्हणाल्या, "ह्याच्यात माझ्या अक्काचा पाय गेला."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. अक्काला शुगर निघाली तेव्हा तिच्या सासरच्या गावी कुणीतरी हा कागद दिला होता. सरकारी कागद म्हणून अक्काने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डासोबत ट्रंकेत जपून ठेवला. शेजारच्यांनी एकदा वाचून दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या, ट्रंक बंद झाली. मग मे महिन्यात टँकर आला म्हणून अक्का घागर घेऊन अनवाणीच डांबरी रस्त्यावर पळाली आणि दोन तास रांगेत उभी राहिली. तळवा भाजला. तिला ते कळलंच नाही. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं समजून ती आठ दिवस हिंडली, आणि शेवटी मोठ्या शहरात नेऊन गुडघ्याखाली पाय कापावा लागला. शांताबाईंनी तिला आपल्या घरी आणलं, सामान लावताना ट्रंक उघडली आणि कागद वाचला. सगळं लिहिलेलं होतं. चौथ्या नंबरला.

"एक गेला," त्या म्हणाल्या. "दुसरा मी जाऊ द्यायची न्हाई. ह्या कागदाचा तर्जुमा करायचाय मला. तुमी फक्त मंजी काय ते सांगा, सायेब."

तर्जुमा हा शब्द आमच्याकडे निजामाच्या काळापासून राहून गेलाय. जुनी माणसं भाषांतराला तर्जुमाच म्हणतात. पण मराठीचा मराठीत तर्जुमा मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी म्हणालो, "बाई, औषधाचे कागद डॉक्टर लोक लिहितात. दूध संस्थेने असले उद्योग करू नयेत. उद्या काही चुकलं तर कुणाला धरायचं?" हे वाक्य मला अजून आठवतं आणि आठवलं की लाज वाटते. शांताबाईंनी कागद उचलला, घडी घातली आणि म्हणाल्या, "बरं. उद्या येते." दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या. चौथ्या दिवशी आमच्या तरुण डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं आणि खुर्ची दिली. मग मलाही गप बसून सांगावं लागलं.

त्यांची पद्धत अशी. एक ओळ मी वाचायची. "मंजी?" असं त्या विचारायच्या. मी अर्थ सांगायचा. त्या डोळे मिटून ओठ हलवत बसायच्या, मग अंबाड्यातली पेन्सिल काढून काहीतरी लिहायच्या. ते वाक्य दुसऱ्या दिवशी संस्थेच्या रांगेत जायचं. रांगेतली माणसं फॅट निघेपर्यंत मोकळीच उभी असतात. शांताबाई वाक्य वाचून दाखवायच्या, आणि रांगेतून तीन माणसांनी "मंजी काय?" विचारलं की वाक्य खोडायचं. दोघांनी विचारलं तर ठेवायचं, कारण दोन माणसं प्रत्येक रांगेत कमी ऐकू येणारी असतात असं त्यांचं म्हणणं होतं. 'संतुलित आहार' पहिल्याच दिवशी पडला. 'रक्तशर्करा' तर एका म्हाताऱ्याने साखर कारखान्याचं नाव समजून ऐकून घेतलं. पायाचं वाक्य अकरा वेळा पडलं, आणि बाराव्या वेळी तो 'मुका पाय' आला. त्या दिवशी रांगेतलं कुणी काही विचारलं नाही. एक बाप्या हळूच बाजूला गेला आणि चप्पल काढून स्वतःचा तळवा बघायला लागला.

घरीही त्यांनी तर्जुमा केला, तो बिनकागदाचा. अक्काला घरात चप्पल घालायला सांगितली तर ती म्हणाली, "चुलीपाशी चप्पल? माझ्या जन्मात न्हाई." शांताबाईंनी वाद घातला नाही. युसूफ वडगावच्या बाजारातून घरात जेवढी माणसं तेवढे चपलांचे नवे जोड आणले, धुतले आणि सगळ्यांनी घरात ते घालून हिंडायचं असा हुकूम काढला. आता सगळेच घालायलेत म्हटल्यावर अक्काला लाज कशाची? मी एकदा त्यांच्याकडे गेलो आणि सवयीने दारात चप्पल काढली, तर आतून आवाज आला, "घाला, घाला सायेब! ह्या घरात अनवाणी यायची बंदी हाय." त्यांच्या जावा-नणंदा वर्षभर कुजबुजत होत्या.

डॉक्टरांनी बोटाला टोचून शुगर बघायचं छोटं मशीन मिळवलं. दर पंधरवड्याला संस्थेच्या ओट्यावर तपासणी करायची ठरली. नोंदीसाठी कार्ड कसं करायचं, असा प्रश्न आला. शांताबाई म्हणाल्या, "दुधाचं कार्ड हाय की." आणि खरंच, ती कल्पना झकास होती. गावात घरटी एक दुधाचं कार्ड होतं, देवाजवळ किंवा कोनाड्यात जपून ठेवलेलं. त्यात सकाळचं फॅट, संध्याकाळचं फॅट. शांताबाईंनी तशाच रेघा मारल्या, सकाळच्या जागी 'उपाशी', संध्याकाळच्या जागी 'जेवून'. कुणाला काही समजवावं लागलं नाही. पहिल्या तपासणीला साठएक माणसं आली. डॉक्टर खुश, मी खुश. पंधरा दिवसांनी आणखी गर्दी.

महिन्याभराने मी आकडे पुढे-मागे लावून बघितले आणि मला घाम फुटला. सगळ्यांची शुगर वाढत होती. गोळ्या त्याच, गाव तेच, आणि आकडे मात्र वर चाललेले. डॉक्टर म्हणाले, मशीन बिघडलं असेल. दुसरं मशीन आणलं. पुढच्या तपासणीला मी एका शेतकऱ्याच्या बोटाला टोचलं, आकडा आला एकशे दहा. मी म्हणालो, "वा!" त्याचं तोंड पडलं.

"एवढीच? मशीन बराबर लावा की हो. मी सकाळी शिरा खाऊन आलोय."

"शिरा? कावून?" शांताबाईंनी विचारलं.

"आता कावून काय? म्हशीला सरकी चारली की फॅट चढतं. आपलं बी चढाया पायजे की."

मागून दुसरा ओरडला, "त्याचं जाऊ द्या, माझी घ्या! मागल्या बारीला दोनशे चाळीस व्हती बे, ह्या बारीला तीनशेच्या पुढं जाणार!" रांग हसली. आणि तेवढ्यात काठी टेकत अक्का पुढे आली. तिला कृत्रिम पाय बसवून दोनच महिने झाले होते. मी टोचलं. तीनशे बारा. मी काही बोलायच्या आत तिने मशीनमध्ये डोकावून बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "शांते! समद्या गल्लीत माझीच जास्त!"

शांताबाई खुर्चीवर बसल्या. मी त्यांना मशीनमागे बसलेलं रोज बघत होतो, पण असं बसलेलं पाहिलं नव्हतं. गावात तीस वर्षं त्यांनीच आकडे वाचून दाखवले होते. साडेपाच म्हणजे बरं, साडेसहा म्हणजे छान, साडेसात म्हणजे चारचौघांत मिरवावं. आकडा वाढला की चांगलं, हे त्या गावाने त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. आम्ही शुगर दुधाच्या कार्डावर मांडली आणि गावाने ती दुधासारखीच वाचली. दवाखान्याच्या मशीनजवळ बसणाऱ्या मला हे सुचायला हवं होतं, पण मी तर कार्ड बघून टाळ्या वाजवल्या होत्या.

"माझी चूक हाय," त्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तुमची न्हाई. कार्डं वापस करा समदी."

मग त्या उठल्या, अक्काला ओट्याच्या कडेला बसवलं आणि तिच्या राहिलेल्या पायातली चप्पल काढली. टाचेच्या कडेला रुपयाएवढा फोड होता. सारा भार त्याच पायावर पडत होता, आणि आठ दिवस झाले तरी फोड बसत नव्हता. अक्का म्हणाली, "दुखत न्हाई गं." त्यावर शांताबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांना रडताना त्याच एका वेळी पाहिलं.

डॉक्टरांनी तिथेच जखम धुतली, गोळ्या बदलल्या आणि स्पष्ट सांगितलं की हा पाय आता सगळा शुगरवर आहे. शुगर खाली आली तर भरेल, नाही तर मागच्यासारखंच. अक्काने हे ऐकलं, मान डोलावली, आणि घरी जाताना एका बाईला सांगितलं की डॉक्टर म्हणाले, शुगर चांगली चढलीय. तीस वर्षांची सवय एका दिवसात कशी जावी?

दोन-तीन दिवस परत घेतलेली कार्डं दवाखान्यात गठ्ठा बांधून पडून राहिली. चौथ्या दिवशी गावाच्या कडेला बोअरची गाडी आली. दुष्काळात बोअरची गाडी आली की गाव कामधंदा सोडून तिच्याभोवती उभं राहतं. पाइपवर पाइप चढत होता आणि प्रत्येक पाइपाला माणसं विचारत होती, "किती झालं?" शंभर फूट म्हटल्यावर सगळे आशेने पुढे सरकले. दोनशे म्हटल्यावर बोलणं बंद झालं. तीनशे म्हटल्यावर बायका पदर तोंडाला लावून परत निघाल्या. त्या गर्दीत शांताबाई होत्या, आणि त्या बोअरकडे बघत नव्हत्या, माणसांच्या तोंडाकडे बघत होत्या.

बोअरच्या राखाडी धुळीने पांढऱ्या झालेल्या तशाच त्या खिडकीत आल्या. "सायेब, सापडलं! कार्डं काढा!"

आकडे डॉक्टरांनी ठरवून दिले, शब्द त्यांचे. बोअर जेवढं खोल खाली जाईल तेवढा आकडा मोठा आणि तेवढं वाईट, हे गावाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. 'शुगर मंजी बोअर. उपाशी सव्वाशेच्या आत पाणी लागलं, बरं हाय. जेवून पावणेदोनशेच्या आत, बरं हाय. दोनशेच्या खाली गेलं, इचार करा, तोंड आवरा. तीनशेच्या खाली गेलं, त्याच दिवशी दवाखाना.' रांगेत वाचलं. एकानेही मंजी काय विचारलं नाही. फक्त मागून तो शिरा खाऊन आलेला शेतकरी म्हणाला, "मग पन्नासावर लागलं तर लईच भारी की!"

मी कपाळाला हात लावला. पण शांताबाई खुश झाल्या. "ह्यालाच मंतेत माणूस," म्हणाल्या, आणि पेन्सिल काढून तिथल्या तिथे ओळ वाढवली. 'सत्तरच्या अलीकडं आलं तर ते बी वाईट. घाम सुटतो, हात कापतेत, डोळ्याम्होरं अंधारी येती. तवा गोड खा आन् दवाखान्यात या. गूळ तेवढ्या येळंला दवा हाय, बाकी येळंला न्हाई.' डॉक्टरांनी ही ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, मला कॉलेजात हे शिकायला एक तास लागला होता.

आता अक्का. ती पंधरा दिवसांनी तपासणीला आली तेव्हा मी मनात धाकधूक घेऊनच टोचलं. दोनशे चाळीस. अक्का मशीनकडे बघून चिडली. "आजून दोनशेच्या खालीच हाय व्हय? सकाळपासून च्यात गूळ न्हाई घातला मी!" मला हसू आवरेना. तिला आता राग यायचा तिथेच येत होता. शांताबाई रोज संध्याकाळचं दूध संपलं की अंगणात उजेड असेपर्यंत तिचा पाय मांडीवर घ्यायच्या, आरसा खाली धरून तिला तिचाच तळवा दाखवायच्या, मग पट्टी. अक्का रोज कुरकुर करायची, "माझ्या तोंडाकडं कुणी इतकं बगितलं न्हाई कधी." पुढच्या बारीला एकशे नव्वद. त्यापुढे एकशे साठ. सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली, अंगठ्याने टाच दाबून बघितली आणि "भरलं" म्हणाले. शांताबाई उठल्या, हात धुतले आणि संस्थेत जाऊन रांगेतल्या प्रत्येकाला सांगितलं. त्या दिवशी म्हणे कुणाचीच म्हैस जास्तीचं पाणी प्यायली नव्हती. प्यायली असली तरी त्यांनी बोलून दाखवलं नसतं.

आमच्या डॉक्टरांनी तो कागद बीडला पाठवला. बरेच महिने काही नाही. मग एका बैठकीचं बोलावणं आलं. मी, डॉक्टर आणि दोघी बहिणी एस.टी.ने गेलो. मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि समोर एक मोठे साहेब, त्यांचे बूट आरशासारखे चकचकीत. त्यांनी कागद वाचला आणि नापसंतीने बाजूला ठेवला. माणूस वाईट नव्हता. भाषेचा अभिमान असलेला होता, एवढंच. "भावना चांगली आहे बाई," ते म्हणाले, "पण हे फार ग्राम्य होतंय. 'संध्याकाळी बुट-चप्पल काढली की आत हात घालून बगा.' आत हात घालून कशाला? 'पादत्राणांची नियमित तपासणी करावी', असं म्हणा ना. अर्थ तोच."

शांताबाईंनी मान डोलावली. "सायेब, तुमाला हाय का शुगर?"

साहेब थोडे हसले. "आहे. बारा वर्षं झाली."

"मग आज तपासणी केली का?"

"रोज करतो."

"आत हात घातलाव का?"

त्यांनी इकडे तिकडे बघितलं. मग, बहुधा विषय संपवावा म्हणून, हसत हसत खुर्ची मागे घेतली, उजवा बूट काढला आणि आत हात घातला. हात बाहेर आला तो सुपारीचं खांड घेऊन. सकाळी घरून निघताना जीपमध्ये बूट सैल सोडून अडकित्त्याने सुपारी कातरली होती म्हणे. ते धारदार खांड सकाळपासून त्यांच्या तळव्याखाली होतं. आमच्या डॉक्टरांनी पटकन खाली बसून मोजा उतरवला. तळव्यावर लालबुंद खड्डा पडला होता, कातडी अजून फुटली नव्हती. साहेब त्या खांडाकडे बघत म्हणाले, "मला कळलं नाही." एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज एकदम लहान झाला होता.

खोलीत कुणीतरी हसलं. शांताबाई हसल्या नाहीत. "कळत न्हाईच, सायेब. त्यात तुमची काय चूक? मनून तर हात घालायचा."

साहेबांनी मोजा घातला, बूट झटकून घातला, कागद पुढे ओढला आणि कोपऱ्यात लिहिलं, 'आहे तसे छापावे.' मग डोकं वर करून विचारलं, "आणि ते मुक्या पायाचं वाक्य पहिल्या नंबरला घेता येईल का?" अक्का मागच्या खुर्चीवरून म्हणाली, "घ्या की! चौथ्या नंबरला कोन वाचतं?" मी त्या दिवशी टेबलाखाली मुठी आवळून बसलो होतो. नाही तर त्या सभ्य खोलीत मी शिट्टीच मारली असती.

परतीच्या गाडीत दोघी बहिणींनी खिडकीशी कोण बसणार यावरून भांडण काढलं. कागदाचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे पाऊस बरा झाला, संस्था कशीबशी तग धरून राहिली, माझी बदली झाली. बदलीनंतर चार-पाच वर्षांनी एप्रिलात काही कामाने त्या बाजूला गेलो होतो आणि गाव लागलं तर रस्ता निळ्या झेंड्यांनी भरलेला. जयंतीची मिरवणूक. ऊन उतरलं होतं, लेझीम चालली होती. मी झाडाखाली उभा राहिलो. बायकांच्या रांगेत अक्का दिसली. पांढरं पातळ, एक पाय बनवलेला, एक पाय स्वतःचा, आणि दोन्ही पायांत पोरांचे असतात तसे लालभडक बूट. विहारापासून वेशीपर्यंत चांगला दीड-दोन किलोमीटरचा रस्ता, आणि अक्का लेझमीच्या ठोक्यावर डुलत चालली होती.

तिच्या बरोबर मागे शांताबाई. केस पुरे पिकलेले, अंबाड्यात पेन्सिल नाही, निळं फूल. सगळी मिरवणूक पुढे फोटोच्या रथाकडे बघत होती, आणि या बाई खाली मान घालून अक्काच्या डाव्या, भरून आलेल्या टाचेकडे बघत चालल्या होत्या. मी हाक मारली. त्यांनी वर बघितलं, मला ओळखलं, आणि थांबायच्या ऐवजी हात उंच करून मागे दाखवला. मागे एक फुलं लावलेला टेम्पो हळूहळू येत होता, त्यात गादी, उशी, लोड.

"अक्कासाठी केलाय, सायेब!" त्या ढोलाच्या आवाजावर ओरडल्या. "दर साली करतेत पोरं!"

मी टेम्पोत बघितलं. रिकामा होता.